दाढीचा ताळेबंद

मराठी मध्यमवर्गीय माणसाला मोठा खर्च करायचा असला की आधी बचतीचं निमित्त लागतं. विजेचं बिल कमी यावं म्हणून तो पंचतारांकित एसी घेतो. पूर्वी घरात एसीच नव्हता, ही गोष्ट तो हिशोबात धरत नाही. दवाखान्याचा खर्च वाचावा म्हणून व्यायामाची सायकल आणतो आणि पुढच्या महिन्यापासून तिच्यावर टॉवेल वाळत घालतो. याच थोर परंपरेत हल्ली जुन्या पद्धतीच्या दाढीची भर पडली आहे. ब्रश, वाटी, साबण, वजनदार रेझर आणि त्यात दोन्ही बाजूंनी धार असलेलं एकच एक ब्लेड. ‘कार्ट्रिजपेक्षा कितीतरी स्वस्त पडतं हो,’ असं एकमेकांना सांगत चाळिशी ओलांडलेले अनेक सद्गृहस्थ या मार्गाला लागले आहेत. मीही लागलो आहे. तेव्हा पुढचा हिशोब निःपक्षपाती असेल अशी अपेक्षा कोणी ठेवू नये.

हिशोब तसा सोपा आहे. दुधारी ब्लेड आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात पाचएक रुपयांना पडतं. बऱ्यापैकी राठ दाढी असली तरी एका ब्लेडमध्ये पाच दाढ्या आरामात होतात. रविवारचा आळस वजा करून वर्षाच्या तीनशे दाढ्या धरू. म्हणजे साठ ब्लेडं, तीनशे रुपये. तीन नाहीतर पाच पात्यांचं नावाजलेलं कार्ट्रिज दीडशेच्या खाली क्वचितच मिळतं. ते पुरवून पुरवून पंधरा दाढ्या चालवलं तरी वर्षाला वीस लागतात, म्हणजे तीन हजार रुपये. वजाबाकी करा: सत्तावीसशे रुपये दर वर्षी नुसत्या हनुवटीवरून वाचले. दहा वर्षांत सत्तावीस हजार.

हा आकडा मी रात्री जेवताना जाहीर केला. बायकोने आमटी वाढता वाढता विचारलं, ‘बरं, मग आहेत कुठे ते?’

वाचलेल्या पैशांची ही मोठीच अडचण असते. ते दाखवता येत नाहीत. खर्च झालेले मात्र दाखवता येतात, आणि आमच्या बाथरूमच्या फळीवर ते ओळीने उभे आहेत. पहिला ब्रश डुकराच्या केसांचा घेतला, कारण तो स्वस्त होता. मग कळलं की बिज्जूच्या केसांचा ब्रश पाणी जास्त धरतो. मग कळलं की हल्लीचे नायलॉनचे ब्रश त्याहून बरे, लवकर वाळतात आणि कोणा प्राण्याचा तळतळाटही लागत नाही. ब्रश आडवा ठेवला तर मुळाशी पाणी मुरतं, म्हणून स्टँड. साबण आधी चंदनाचा, मग खसचा, मग उन्हाळा आला म्हणून पुदिन्याचा. रेझर एक साधा, तीन तुकड्यांत सुटणारा. दुसरा असा की दांड्याच्या बुडाची कळ पिळली की वरची दोन दारं उघडतात, आत ब्लेड ठेवलं की पुन्हा मिटतात. हा दुसरा घेण्याचं कारण एवढंच की ती दारं उघडतात. आणि ‘ज्याच्या त्याच्या दाढीला वेगळं ब्लेड मानवतं’ असं जाणकार सांगतात म्हणून निरनिराळ्या कंपन्यांची ब्लेडं एकत्र बांधलेला एक संच.

पण मला खरी दाद द्यावीशी वाटते ती तुरटीच्या वडीला. वाण्याकडे तुरटीचा ओबडधोबड खडा दहा-वीस रुपयांना मिळतो, गढूळ पाण्यात फिरवायला. तोच घासून, चौकोनी करून, झाकणाच्या डबीत घालून, डबीवर परदेशी अक्षरांत नाव छापलं की अडीचशे रुपये होतात. कापलेल्या जागी दोन्ही सारख्याच झोंबतात. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच.

या सगळ्याच्या मुळाशी एक अमेरिकन फिरता विक्रेता आहे. किंग कॅम्प जिलेट हा बाटल्यांची पत्र्याची बुचं करणाऱ्या कंपनीत नोकरीला होता. त्या बुचाचा जनक विल्यम पेंटर याने त्याला सल्ला दिला, की लोक एकदा वापरतील, फेकतील आणि पुन्हा विकत घ्यायला येतील अशी काहीतरी वस्तू काढ. जिलेट त्या सल्ल्याचा कीस काढत बसला. १८९५ साली एका सकाळी वस्तऱ्याची धार गेलेली असताना त्याला ती वस्तू सुचली: पोलादाच्या पातळ पत्र्याचं पातं. जाणत्यांनी सांगितलं, एवढ्या पातळ पत्र्याला धार धरणारच नाही. विल्यम निकरसन नावाच्या तंत्रज्ञाने ती धरवून दाखवली आणि १९०३ साली माल बाजारात आला. त्या पहिल्या वर्षी खपलेल्या रेझरांची संख्या ५१ आणि ब्लेडांची १६८. पुढच्याच वर्षी नव्वद हजारांवर रेझर गेले.

गंमत अशी, की या गृहस्थाने त्याआधी, १८९४ साली, स्पर्धा हेच सगळ्या दुःखांचं मूळ आहे असं सांगणारं एक पुस्तक लिहिलं होतं. सगळे उद्योग मिळून एकच कंपनी असावी, तिची मालकी जनतेकडे असावी, आणि नायगाराच्या धबधब्यावर वीज करून त्याच्या आसपास एकच अवाढव्य शहर वसवावं, असा त्याचा बेत. ते शहर काही वसलं नाही. ब्लेड मात्र घरोघर गेलं, आणि त्याच्या वेष्टनावर जिलेटचा स्वतःचा फोटोही गेला. चांगला झुबकेदार मिशांचा.

‘रेझर फुकट वाटा आणि ब्लेडवर कमवा’ ही युक्ती त्याच्याच नावावर खपवली जाते. प्रत्यक्षात त्याचा पहिला रेझर पाच डॉलरचा होता, आणि तेव्हा पाच डॉलर म्हणजे कामगाराच्या आठवड्याच्या पगाराला मोठंच खिंडार. रेझर स्वस्त झाले ते पेटंटची मुदत १९२१ साली संपली त्या सुमारास. आपल्याला स्वस्त ब्लेड मिळतं त्याचं श्रेयही मी अशा संपलेल्या मुदतींनाच देतो. ब्लेडच्या मधली ती लांबट नक्षीदार खाच आज कुणाच्या मालकीची नाही. म्हणून आपल्याकडे झालेलं ब्लेड जर्मन रेझरमध्ये निमूट बसतं, आणि आजोबांच्या रेझरमध्ये नातवाने काल आणलेलं टोपाझ बसतं. कोणीही करावं, कोणीही विकावं, म्हणून भाव पाच रुपये.

कार्ट्रिजवाल्यांनी ही चूक पुन्हा होऊ दिली नाही. १९७१ साली दोन पाती आली, १९९८ साली तीन, २००६ साली पाच. प्रत्येक वेळी जोडणी नवी. एकाच्या दांड्याला दुसऱ्याचं कार्ट्रिज, अशी सोयरीक तिथे सहसा जमत नाही. दांडा एकदा घरात आला की पुढची कित्येक वर्षं आपली बिनपाण्याने होत राहते. पात्यांची संख्या अशीच वाढत गेली तर माझ्या नातवंडांच्या काळात दाढीला पाट्याएवढं कार्ट्रिज लागेल, असं मला कधीकधी वाटतं.

आमच्या वडिलांना, म्हणजे अण्णांना, यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि तरी स्वस्त दाढी म्हणजे काय ते त्यांच्याकडे बघून शिकावं. खिडकीच्या गजाला अडकवलेला आरसा, बंबातलं कढत पाणी आणि एक कान तुटलेला कप. चहाच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या कपाला आमच्या घरी हेच पुढचं काम मिळायचं. पुणे केंद्रावरच्या सात पाचच्या बातम्या सुरू झाल्या की ब्रश गोल साबणावर फिरू लागे. फेस आधी एका गालाला, मग दुसऱ्या गालाला, सगळ्यात शेवटी नाकाखाली. रेझरवरचा फेस ते कालच्या वर्तमानपत्राच्या चौकोनी तुकड्यांवर पुसत; ते तुकडे करून ठेवण्याचं काम आम्हा मुलांकडे. एक हात सुलट, एक उलट. बातम्या संपेतो दाढी संपलेली. मग रेझर उघडून ब्लेड बाहेर. ते पंचाच्या कोपऱ्यावर टेकवून टिपायचं, पुसायचं नाही, कारण पुसलं की धार जाते आणि पंचाही जातो. ब्लेड परत त्याच्याच मेणकागदात, आणि कागदावर पेन्सिलीने एक उभी रेघ. किती रेघांना ब्लेड बाद करायचं हा अधिकार पूर्णपणे अण्णांचा होता. महिनाअखेरीला रेघा जरा जास्त होत.

बाद म्हणजे फक्त दाढीतून बाद. तिथून ते ब्लेड आईच्या शिवणाच्या डब्यात जाई आणि उसवणीला लागे. परकराची शिवण उसवायला त्यासारखं दुसरं हत्यार नाही. एखादं कागदातच मधोमध मोडून अर्धं-अर्धं आम्हा भावंडांच्या कंपासपेटीत येई. त्याने पेन्सिलीला जे टोक निघे ते पुढे कुठल्याच शार्पनरने काढलं नाही. बोटं मात्र अधूनमधून तासली जात. अगदी शेवटी, गंजाचे ठिपके पडल्यावर, खिडकीच्या काचेवर उडालेला रंग खरवडायला. मेलेल्या कार्ट्रिजचं काय करणार? ना ते उसवत, ना टोक करत. दुधारी ब्लेडच्या बाजूने हिशोब मांडणाऱ्यांनी हा उत्तरायुष्याचा नफा धरलेला मी कुठे पाहिला नाही. अर्थात हल्ली उसवायला घरात शिवण नाही आणि टोक करायला पेन्सिल नाही, हेही खरं.

ब्लेड टिकतं किती, हा या शास्त्रातला कळीचा प्रश्न. केस तो काय आणि पोलाद ते काय! पोलाद केसाच्या जवळजवळ पन्नासपट कठीण, तरी काही दाढ्यांत ते हार खातं. २०२० साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या संशोधकांनी याचा छडा लावला. त्यांच्यातल्या एका विद्यार्थ्याने स्वतःची दाढी करून करून पातं दर वेळी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. (दाढी करण्याबद्दल डॉक्टरेट मिळू शकते हे अण्णांना आधी कळायला हवं होतं.) धार झिजून गोल होत असेल असा सगळ्यांचा समज, प्रत्यक्षात तिचे बारीक बारीक टवके उडतात. पोलादाची घडण जिथे कणभर विषम असते तिथे केस तिरपा येऊन अडला की टवका गेलाच.

यातून काटकसरी माणसाने घ्यायचं ते एवढंच, की केसाला आधी नरम करावं. केस पाणी पितो आणि मऊ पडतो. आंघोळीनंतर दाढी केली, किंवा दोन-तीन मिनिटं गरम पाण्याचा टॉवेल गालावर ठेवला, की पात्यावरचा भार हलका होतो. हे दुधारी ब्लेडला लागू आहे तसं पाच पात्यांच्या महागड्या कार्ट्रिजलाही. म्हणजे या साऱ्या सरंजामात ज्याच्यामुळे खरोखर पैसे वाचू शकतात ते पाणी, आणि ते फळीवरच्या कुठल्याच डबीत नाही.

आता माझ्या हिशोबातली लबाडी सांगतो, म्हणजे दुसऱ्या कोणी दाखवून द्यायला नको. मी बचत मोजली ती बाजारातल्या महागड्या कार्ट्रिजच्या तुलनेत. आपल्याकडे त्याहून स्वस्त वस्तू आहे आणि तिची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे. जिलेट कंपनीने भारतीयांसाठी आणलेला एक रेझर आधी तपासून घेतला होता तो एमआयटीत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांकडून. मुलांनी उत्तम म्हणून शेरा दिला. भारतात माल आल्यावर उलगडा झाला, की अमेरिकेत शिकणारी मुलं वाहत्या नळाखाली रेझर धुतात, आणि इथला माणूस जमिनीवर बसून, एका हातात आरसा धरून, वाटीभर पाण्यात दाढी उरकतो. पात्यांच्या फटीत केस अडकून बसले. मग कंपनीची माणसं इथे आली, लोकांच्या घरात जाऊन त्यांची दाढी बघत बसली, आणि २०१० साली ‘गार्ड’ बाजारात आला: एकच पातं, रेझर पंधरा रुपये, कार्ट्रिज पाच रुपये.

आज ते कार्ट्रिज बारा रुपयांना पडतं असं धरा, आणि त्यात साडेसात दाढ्या. वर्षाला चाळीस, म्हणजे चारशे ऐंशी रुपये. माझ्या दुधारी ब्लेडचे तीनशे. फरक उरला एकशे ऐंशीचा. म्हणजे मी जे सत्तावीसशे वाचवत होतो त्यातले अडीच हजार निव्वळ महाग वस्तू न घेतल्याचे होते. तसं पाहिलं तर मी हेलिकॉप्टर न घेऊनही पुष्कळ वाचवलं आहे.

शिवाय वेळ. कार्ट्रिजने पाच मिनिटांत दाढी होते. वाटीत फेस घोटून, दोन हात फिरवून, तुरटी लावून, ब्रश झटकून सगळं यथासांग करायचं तर पंधरा. रोजची दहा मिनिटं जादा, तीनशे दिवसांची तीन हजार मिनिटं, म्हणजे पन्नास तास. महाग कार्ट्रिजच्या तुलनेत ही मेहनत तासाला चौपन्न रुपये देते. गार्डच्या तुलनेत तासाला साडेतीन रुपये. आणि घरात बाथरूम एकच असलं तर त्या पंधरा मिनिटांत दारावर ‘अहो, झालं का?’ हे तीनदा येतं, त्याचा आकार वेगळा.

काहींना वाटेल, मग सरळ सलूनमध्ये जावं. तिथला कारागीर आजही दुधारी ब्लेडच वापरतो: गिऱ्हाइकादेखत वेष्टन काढतो, ब्लेड कागदातच कट्‌कन मोडतो आणि अर्धं पातं वस्तऱ्यात सरकवतो. तुमच्या दाढीला अडीच रुपयांचं पोलाद लागतं. उरलेले पन्नास-साठ रुपये त्याच्या हाताचे, पंख्याचे आणि गावातल्या बातम्यांचे. रोज परवडण्यासारखं नाही. आमच्या आजोबांना परवडायचं, कारण त्यांच्या गावी न्हावी आठवड्याला घरी यायचा आणि त्याचं बलुतं सुगीत धान्याच्या रूपाने जायचं. वर्षभराच्या दाढ्यांना किती पायल्या, हा हिशोब आजोबांनी कधी केला नाही. न्हाव्याने मात्र केला असणार, आणि तो त्याला परवडत होता का, हे कोणी विचारलं नसणार.

आमच्या चिरंजीवांचा तोडगा याहून सोपा. ‘बाबा, दाढी ठेवा ना. खर्चच नाही.’ त्याने स्वतः ठेवली आहे. तिला तेल आहे, तिचा निराळा शाम्पू आहे, लाकडी फणी आहे, चार्जिंगचा ट्रिमर आहे, आणि महिन्यातून एकदा तिच्या कडा रेखून घ्यायला तो जे बिल देतो त्यात माझी वर्षाची ब्लेडं येतात. न केलेली दाढी केलेल्या दाढीपेक्षा महाग पडण्याचा चमत्कार आमच्याच पिढीला बघायला मिळाला.

तर मग पैसे वाचतात का? अण्णांचे वाचत होते. एक रेझर, एक ब्रश, साबणाची एक वडी, आणि दुकानात गेल्यावर ‘ब्लेड द्या’ एवढंच वाक्य. हे ज्याला जमेल त्याने खुशाल या मार्गाला यावं. पहिल्याच वर्षात रेझरची किंमत वसूल होईल. ज्याला दुसरा रेझर बघावासा वाटतो त्याने बचतीचं नाव काढू नये. घरच्या वहीत हा खर्च ‘करमणूक’ या सदरात टाकावा, सिनेमाच्या तिकिटांखाली. मी तो आता तिथेच टाकतो, आणि आमटी शांतपणे वाढली जाते.

एक खर्च मात्र कुठल्याच वहीत येत नाही. जुन्या अमेरिकी घरांत आरशाच्या कपाटाला मागे एक बारीक फट असे. वापरलेलं ब्लेड त्यातून टाकलं की भिंतीच्या पोकळीत पडे, आणि घर पाडेपर्यंत तिथेच राही. आपल्या भिंती पोकळ नाहीत. आपलं ब्लेड कचऱ्याच्या बादलीत जातं आणि तिथून, दुसऱ्या दिवशी सकाळी, कचरा वेगळा करणाऱ्या बाईंच्या बोटात. तेव्हा रेझर कोणताही वापरा, पण बामची नाहीतर पावडरीची एखादी रिकामी पत्र्याची डबी घ्या, झाकणाला चीर पाडा आणि वापरलेली ब्लेडं त्यात टाकत जा. भरली की चिकटपट्टीने बंद करा, वर मोठ्या अक्षरांत ‘ब्लेड’ लिहा आणि ती बाईंच्या हातात वेगळी द्या. डबी भरायला वर्षं लागतात आणि खर्च काहीही येत नाही.